इमारतीचा निर्णय नकाशावर होतो

वस्तीतल्या मोकळ्या जागेभोवती पत्र्याचं कुंपण पडतं, आत जेसीबी शिरतो आणि थोड्याच दिवसांत इतके मजले, इतक्या सदनिका असा मोठा फलक झळकतो. मग आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये प्रश्न सुरू होतात. एवढ्या लोकांना पाणी कुठून आणणार? या बारक्या रस्त्यावर आणखी चारशे गाड्या मावणार कशा? इथे तर बाग होणार होती ना? कुणीतरी नगरसेवकाला फोन लावतं, नगरसेवक बांधकाम विभागात चौकशी करतो आणि बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: सगळं नियमात आहे.

हे उत्तर पुष्कळदा खरंच असतं, आणि अडचण तिथेच आहे. त्या जागेवर घरं होऊ शकतात की नाही, झाली तर किती उंच आणि किती दाट, हे फलक लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी ठरलेलं असतं. शहराच्या विकास आराखड्याने, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्याने, ते ठरवलेलं असतं. नागरिकांचं म्हणणं ऐकून घेण्याची कायदेशीर सोयही त्याच टप्प्यावर होती. ती संधी बहुतेकांच्या नकळत निघून गेलेली असते. म्हणून शहरात घरबांधणीचा निर्णय कोण, कधी आणि कशाच्या आधारे घेतं, हे प्रत्येक शहरवासीयाला माहीत असायला हवं.

मत कशावर आणि सही कुणाची

अनेकांना वाटतं, प्रत्येक मोठा गृहप्रकल्प महापालिकेच्या सभागृहात येतो, नगरसेवक त्यावर चर्चा करतात आणि हात वर करून तो मंजूर किंवा नामंजूर करतात. महाराष्ट्रात असं होत नाही. एखाद्या इमारतीला बांधकाम परवानगी देणं हे प्रशासनाचं काम आहे. वास्तुविशारद नकाशे दाखल करतो, बांधकाम विभाग ते नियमांशी ताडून पाहतो आणि आयुक्तांच्या अधिकारात परवानगी निघते. अर्ज आराखड्याशी आणि नियमांशी जुळत असेल, तर शेजाऱ्यांना प्रकल्प आवडत नाही एवढ्या कारणावरून तो नाकारता येत नाही. इतकंच काय, नियमात बसणाऱ्या अर्जावर 60 दिवसांत निर्णय दिला नाही, तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये आहे. हाच तो ‘एमआरटीपी’ कायदा.

मग सभागृहाच्या हातात काय उरतं? खरं तर सगळ्यात मोठी गोष्ट. शहराचा विकास आराखडा करण्याचा इरादा जाहीर करणं, प्रारूप आराखड्याला मान्यता देणं, हरकतींनंतरचे बदल स्वीकारणं किंवा फेटाळणं, आणि नंतरच्या काळात एखाद्या जमिनीचा वापर किंवा आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव राज्य सरकारकडे पाठवणं, हे निवडून आलेल्या सभेचे अधिकार आहेत. पुण्यात असे प्रस्ताव शहर सुधारणा समितीतून मुख्य सभेपुढे येतात. मुंबईत सुधार समिती आहे. ‘एमआरटीपी’च्या कलम 37 खालचा फेरबदल हा विषयपत्रिकेवर दोन ओळींत बसणारा विषय असतो. पण त्या दोन ओळींनी शेती विभागातली जमीन निवासी होते किंवा शाळेचं आरक्षण उठतं. ऐन सभेत मांडलेल्या उपसूचनेनेही मूळ प्रस्तावाचा अर्थ पालटू शकतो. इमारतीला मत मिळत नाही. जमिनीला मिळतं, आणि इमारत त्यामागून येते.

आराखड्याचा प्रवास

कायद्याने दर 20 वर्षांनी विकास आराखड्याची फेरतपासणी अपेक्षित आहे. आधी सभा इरादा जाहीर करते. मग जमिनीच्या आजच्या वापराचं सर्वेक्षण होतं आणि त्याचा नकाशा तयार होतो. त्यावरून पुढच्या 20 वर्षांची लोकसंख्या धरून प्रारूप आराखडा आखला जातो. निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती किंवा ना-विकास असे विभाग ठरतात. रस्ते, शाळा, दवाखाने, बागा, क्रीडांगणं, अग्निशमन केंद्रं, पाण्याच्या टाक्या यांसाठी आरक्षणं पडतात.

हा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की लेखी हरकती आणि सूचना मागवल्या जातात. मुदत साधारण महिना-दोन महिन्यांची असते. त्यानंतर नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेतले शासननियुक्त जाणकार असतात. ज्यांनी हरकत घेतली त्यांची सुनावणी ही समिती घेते. तिच्या अहवालावर सभा निर्णय करते आणि आराखडा अंतिम मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जातो. आराखड्याचा शेवटचा शब्द मंत्रालयाचा असतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

आरक्षण पडलं म्हणजे बाग झाली, असंही नाही. ती जमीन बहुधा खासगी मालकीची असते आणि महापालिकेने ती ताब्यात घ्यावी लागते. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत तसं झालं नाही, तर कलम 127 प्रमाणे मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं आणि शेजारच्या जमिनीसारखंच तिथेही बांधता येतं. ‘इथे बाग होणार होती’ या वाक्यामागे अनेकदा हीच कथा असते. मालकाच्या बाजूने पाहिलं तर ही तरतूद न्याय्य आहे; कुणाची जमीन कायमची अडकवून ठेवता येत नाही. दोष आरक्षण टाकून विसरून जाणाऱ्या यंत्रणेचा आहे.

रस्त्याच्या रुंदीत दडलेली घरं

किती घरं होणार, याचं गणित चटईक्षेत्र निर्देशांकावर, म्हणजे एफएसआयवर चालतं. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे तो आकडा सांगतो. मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. महापालिका क्षेत्रात दाट गावठाणाबाहेर तिने हा आकडा समोरच्या रस्त्याच्या रुंदीला जोडला. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ 1.10 एवढाच एफएसआय मिळतो. रस्ता रुंद होत जाईल तसा अधिमूल्य भरून आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क वापरून तो वाढतो आणि 30 मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर 3 पर्यंत पोहोचतो. बाल्कनी, जिने, मार्गिका यांसाठीचं पूरक क्षेत्र याशिवाय वेगळं मिळतं.

ढोबळ हिशेब करू. 10,000 चौरस मीटरचा भूखंड धरा आणि एका सदनिकेला 75 चौरस मीटर. अरुंद रस्त्यावर 11,000 चौरस मीटर बांधकाम, म्हणजे साधारण 147 घरं. 30 मीटर रस्त्यावर 30,000 चौरस मीटर, म्हणजे 400 घरं. घरटी पाच माणसं आणि शहरी पाणीपुरवठ्याच्या मानकाप्रमाणे माणशी रोज 135 लिटर पाणी धरलं, तर 400 घरांना दिवसाला 2 लाख 70 हजार लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज 27 टँकर. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन गटारात येतं. त्यासाठी मलवाहिनी आणि शुद्धीकरण केंद्राची क्षमता हवी. आराखड्यात रस्त्याची रेघ किती रुंद ओढली, यावर हे सगळं अवलंबून असतं. रस्तारुंदीचा प्रस्ताव वाचताना आपल्या डोळ्यांपुढे फक्त वाहतूक येते. त्यामागून येणारी घरं आणि पाण्याची मागणीही यायला हवी.

हाच भूखंड शहराचंही काही देणं लागतो. 4,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत एवढ्या मोठ्या भूखंडांवर मूळ एफएसआयच्या 20 टक्के क्षेत्रात 30 ते 50 चौरस मीटरची छोटी घरं बांधून ती दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी म्हाडाच्या सोडतीतून द्यावी लागतात. आपल्या उदाहरणात ते क्षेत्र 2,200 चौरस मीटर होतं, म्हणजे 44 ते 73 घरं. 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. नदीच्या निळ्या पूररेषेच्या आतही आहे. 20,000 चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकाम असेल, तर सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी लागते. मात्र याच अधिसूचनेने इमारत आणि वसाहत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. खाण किंवा औष्णिक वीज केंद्र येणार असेल तर गावकऱ्यांना सुनावणीत बोलता येतं. हजार घरांच्या वसाहतीसाठी शेजाऱ्यांना तो मंच नाही. म्हणजे आराखड्यावरची हरकत हीच सामान्य नागरिकाची मोठी आणि बहुधा शेवटची खात्रीची संधी ठरते.

पुण्याच्या टेकड्या: अठरा वर्षांचा वाद

सभागृहाने घेतलेला निर्णय शहराचं रूप कसं ठरवतो, हे पुण्याच्या टेकड्यांवरून समजतं. 1997 मध्ये आसपासची गावं पुणे महापालिकेत आली. पुढे त्यातली काही वगळली गेली आणि 23 गावं उरली. त्यांचा आराखडा करताना पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या टेकड्यांचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. टेकड्यांच्या पायथ्याला घरांची मागणी झपाट्याने वाढत होती, आणि उतारावरची बरीचशी जमीन खासगी मालकीची होती.

सुमारे 978 हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण टाकावं, असा विचार पुढे आला. माजी महापौर वंदना चव्हाण आणि शहरातल्या पर्यावरण संस्थांनी तो नेटाने लावून धरला. टेकडीवर पडणारा पाऊस मुरून खालच्या झऱ्यांना आणि विहिरींना पाणी पुरवतो. उतार फोडले तर तेच पाणी गढूळ लोंढा होऊन वस्तीत शिरतं, हा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्या बाजूला जमीनमालक होते. त्यातले कितीतरी पिढीजात शेतकरी. शहराला हिरवळ हवी तर तिची किंमत आम्हीच का मोजायची, निदान काही टक्के बांधकाम तरी करू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

2005 मध्ये मुख्य सभेने आरक्षणाच्या बाजूने कौल दिला. राज्य सरकारने 23 गावांच्या आराखड्यातले इतर भाग पुढे टप्प्याटप्प्याने मंजूर केले, पण टेकड्यांचा विषय बाजूला ठेवला. ऑगस्ट 2015 मध्ये सरकारने बीडीपी आरक्षण कायम केलं आणि मालकांना 8 टक्के टीडीआर मोबदला ठरवला. म्हणजे गावं शहरात आल्यापासून अंतिम निर्णयापर्यंत 18 वर्षं गेली. या अनिश्चिततेत जमिनी गुंठ्या-गुंठ्याने विकल्या गेल्या आणि उतारांवर परवानगीशिवाय घरं उभी राहिली. मोबदला अपुरा आहे ही मालकांची तक्रार आजही कायम आहे, आणि 2025 मध्ये सरकारने टेकड्यांच्या या प्रश्नाचा पुन्हा अभ्यास करायला गट नेमला.

माझ्या मते यातून दोन गोष्टी दिसतात. टेकड्या वाचवण्याचा सभेचा कौल योग्य होता आणि तो लोकांनी संघटित होऊन मिळवला. पण मालकाला वेळेवर, पटेल असा मोबदला दिल्याशिवाय आरक्षण टिकत नाही. नकाशावर हिरवा रंग भरायला एक ठराव पुरतो. ती जमीन प्रत्यक्षात हिरवी ठेवायला पैसा आणि सातत्य लागतं.

आवाज उठतो तेव्हा, आणि सभागृह गप्प असतं तेव्हा

हरकतींनी काही साधत नाही, असं म्हणणाऱ्यांनी मुंबईचं उदाहरण आठवावं. 2034 पर्यंतच्या मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. रेल्वे स्थानकांजवळ 8 पर्यंत एफएसआय देण्याचा प्रस्ताव त्यात होता. शिवाय ठळक चुका होत्या: उभ्या इमारतींमधून रस्ते नेलेले, वारसा वास्तूंच्या नोंदी गळालेल्या. रहिवासी संघ, वास्तुविशारद, कोळीवाडे, झोपडपट्ट्यांतल्या संघटना नकाशे घेऊन गल्लोगल्ली बसल्या. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या. एप्रिल 2015 मध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा नव्याने करायला सांगितलं. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला, 2018 मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि सप्टेंबर 2018 पासून तो लागू झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या महापालिकेचा आराखडा लोकांनी लिहिलेल्या कागदांमुळे मागे घ्यावा लागला.

याच सुमारास पुण्यात उलट घडलं. जुन्या हद्दीच्या आराखड्यावर नियोजन समितीत एकमत झालं नाही, मुख्य सभा मुदतीत निर्णयापर्यंत पोहोचली नाही आणि मार्च 2015 मध्ये राज्य सरकारने आराखडा स्वतःकडे घेतला. त्याला जानेवारी 2017 मध्ये मंजुरी मिळाली. सभागृहाने वेळ घालवला आणि आपल्याच शहराबद्दल बोलण्याचा अधिकार गमावला.

त्याहून गंभीर काळ नंतर आला. 2022 मध्ये मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसह अनेक महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि 2025 अखेरपर्यंत प्रशासकच कारभार पाहत राहिले. मे 2025 मध्ये पिंपरी-चिंचवडचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन हा पहिलाच विषय ठेवला, तो लोकनियुक्त संस्थांसाठी. वीस वर्षांचं शहर आखताना लोकप्रतिनिधीच नसावेत, हे त्या घटनादुरुस्तीच्या हेतूशी विसंगत आहे.

प्रत्येक प्रकल्पावर मतदान हवं का?

मग प्रत्येक मोठ्या प्रकल्पावर सभागृहाने मतदान करावं, हा उपाय आहे का? अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभव सावध करणारा आहे. तिथे नगरसभेपुढे एकेका प्रकल्पाविरुद्धचं अपील येऊ शकतं. ऑक्टोबर 2021 मध्ये शहराच्या मध्यभागी, वाहनतळ असलेल्या जागेवर 27 मजली इमारतीत 495 घरं बांधायचा प्रस्ताव सभेपुढे आला आणि पर्यावरणीय अभ्यास अपुरा असल्याचं कारण देऊन 8 विरुद्ध 3 मतांनी तो रोखला गेला. त्या शहरात घरांचा तुटवडा तीव्र आहे आणि भाडी आवाक्याबाहेर गेलेली आहेत. या निर्णयावर देशभर टीका झाली. पर्यावरण अहवालाच्या आडून घरं अडवण्याला आळा घालण्यासाठी कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये कायदा केला.

प्रकल्पाला विरोध करणारे आज तिथे राहतात. ते सभेत बोलू शकतात, मत देऊ शकतात. ज्यांना ती 495 घरं मिळाली असती, ते अजून त्या वस्तीचे नाहीत. त्यांच्या वतीने बोलणारं कुणी नसतं. आपल्याकडेही हेच होतं. आपला फ्लॅट झाल्यावर शेजारच्या भूखंडावर फ्लॅट नकोसा वाटतो. शहरात नोकरीसाठी येणारी नर्स, बसचालक, नव्याने संसार मांडणारं जोडपं यांनाही कुठेतरी घर हवंच. त्यांना शहरात जागा दिली नाही, तर ही माणसं शहराच्या कडेला, पाणी आणि रस्ता नसलेल्या ठिकाणी जातात. म्हणून घरांना सरसकट नकार हे नागरिकत्वाचं लक्षण मानता येत नाही. घरं कुठे, किती आणि कोणत्या सोयींसह, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सगळ्या शहराचा एकत्र विचार करणाऱ्या आराखड्यातच शोधायला हवं.

सोयींचा विचार सुटला की काय होतं, हेही मुंबईने पाहिलं. कचऱ्याची विल्हेवाट नियमाप्रमाणे होत नाही, म्हणून फेब्रुवारी 2016 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर निर्बंध घातले. पुनर्विकासाला त्यातून वगळलं होतं. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा देईपर्यंत ही स्थिती होती. आधी इमारती आणि मागून सोयी, हा क्रम शेवटी घरबांधणीलाच थांबवतो.

नागरिकाने काय करायचं

पहिलं म्हणजे आपल्या भागाचा विकास आराखडा पाहा. महापालिकेच्या संकेतस्थळावर तो असतो. सर्व्हे नंबर देऊन भाग नकाशा आणि झोन दाखला रीतसर मिळतो. घर विकत घेताना आपण सात-बारा आणि मालमत्तापत्रक पाहतो, तसाच शेजारच्या मोकळ्या जागेचा झोनही पाहावा. कुठे आरक्षण आहे, कोणता रस्ता रुंद होणार आहे, हे कळतं. मे 2017 पासून महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाचे मंजूर नकाशे आणि परवानग्या कुणालाही पाहता येतात.

दुसरं, हरकत नेमकी लिहा. ‘आमच्या भागाचा विकास नीट करावा’ अशा अर्जावर समिती काही करू शकत नाही. सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक, नेमका कोणता बदल हवा आणि का, एवढं एका पानात आलं पाहिजे. मुदतीच्या आत द्या, पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा. एकाच नमुन्याच्या हजार छापील अर्जांपेक्षा पुराव्यानिशी लिहिलेला एक अर्ज समितीला उत्तर द्यायला अधिक भाग पाडतो.

तिसरं, नगरसेवकाला वेळेवर प्रश्न विचारा. शहर सुधारणा समितीच्या विषयपत्रिकेवर आपल्या भागातला कोणता फेरबदल आहे, त्यावर त्याने काय मत दिलं, पाणी आणि मलवाहिनीच्या क्षमतेचा अहवाल मागितला का, हे विचारायचा मतदाराला हक्क आहे. गटारं आणि पथदिवे यांच्यासाठी आपण नगरसेवकाच्या दारात जातो. जमीनवापराच्या ठरावासाठी क्वचितच जातो, आणि त्या ठरावाचे परिणाम मात्र पिढीभर भोगतो.

शहरांना घरं हवीत, आणि घरांना पाणी, शाळा, बाग, रस्ता हवा. या दोन्हींचा मेळ घालायची जागा कायद्याने ठरवून दिली आहे. तुमच्या शहराचा प्रारूप आराखडा पुढच्या वेळी प्रसिद्ध होईल, तेव्हा जाहीर सूचनेची तारीख टिपून ठेवा, नकाशात आपला सर्व्हे नंबर शोधा आणि मुदत संपण्याआधी आपलं म्हणणं लेखी द्या.